एकवीस फुटांचं आढं

आढं वळणावर अडकलं तेव्हा साडेनऊ वाजले होते. पुढचं टोक जांभ्याच्या भिंतीला टेकलेलं, मागचं टोक जांभळाच्या बुंध्याला. मधे आठ माणसं खांद्यावर वजन घेऊन उभी. पुढं जाता येईना, मागं सरता येईना.

“मिस्त्री, बोला कायतरी,” बुधाजी म्हणाला. “खांदं सोलाया लागलं.”

मी काय बोलणार? आढं मीच आणलं होतं.

आढं म्हणजे छपराच्या अगदी शेंड्यावरची आडवी तुळई. दोन्ही उतारांचे वासे वर येऊन तिच्यावर टेकतात. ती वाकली की सगळं छप्पर वाकलं. म्हणून सुताराचा जीव आढ्यात असतो. माझा त्या दिवशी तर होताच.

काम माथेरानच्या एका जुन्या बंगल्याचं होतं. हेरिटेज यादीतला बंगला. यादीतल्या घराला मालकसुद्धा मनाला येईल तसा हात लावू शकत नाही. काय दुरुस्त करायचं, काय वाढवायचं, ते आर्किटेक्टनं ड्रॉइंगवर काढायचं, समितीनं मंजूर करायचं, आणि मंजूर झालेलंच बांधायचं. मालकांच्या आईला अंगण ओलांडून संडासला जाणं जमेनासं झालं होतं. म्हणून घराच्या मागं एक खोली आणि बाथरूम वाढवायची परमिशन मिळाली होती. नवी खोली जुन्या घराला शोभली पाहिजे, जुन्याच पद्धतीनं बांधली पाहिजे, ही अट. छपराला मंगलोरी कौलं, आत सागवानी सांगाडा. आणि कौलं मे महिन्यातच चढायला हवीत. त्यानंतर पाऊस लागतो आणि डोंगरावर मटेरियल चढत नाही.

आमच्या आर्किटेक्ट साने मॅडम. त्यांच्याकडं मी चार वर्षं काम करत होतो. मी जिंतूर तालुक्यातला, परभणी जिल्हा. शाळा आठवीत अर्धी सोडली. काकाच्या हाताखाली सुतारकी शिकलो आणि कामाच्या मागं कर्जतला आलो. तिथं फार्महाऊसची कपाटं करायचो, प्लायवूड आणि खिळे. पळसदरीला एका बंगल्यात जुनी खिडकी दुरुस्त करताना मी खिळा न मारता सांधा बसवला, तो मॅडमनी पाहिला. “हे कुणी शिकवलं?” म्हणाल्या. “काकानं.” “उद्यापासून माझ्याकडं या.” एवढाच माझा इंटरव्ह्यू. तेव्हापासून माझं घर त्यांच्यामुळं चालतं, हे मी रोज मनात म्हणतो.

माथेरानची साइट ही पहिली, जी त्यांनी पूर्ण माझ्या अंगावर टाकली. बायकोला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “सांभाळून करा. उगं शानपना करू नका.” मी नेमका तोच केला.

ड्रॉइंगवर नवं आढं दोन तुकड्यांचं दाखवलं होतं, मधे जोड. जुन्या घराचं आढंही तसंच होतं. मी ते रोज खालून बघायचो आणि मला त्या घराची कीव यायची. एवढा मोठा साहेबी बंगला आणि आढ्याला जोड? आमच्याकडं आढं एकसंध लागतं. जोडाचं आढं दिसलं की लोक सुताराचं नाव विचारतात, आणि चांगल्यासाठी विचारत नाहीत. काका तर अशा घरात पाणी प्यायला बसायचा नाही. मला वाटलं, त्या काळी लांब लाकूड मिळालं नसेल बिचाऱ्यांना.

आणि मला लांब लाकूड मिळालं. खोपोलीला शिळफाट्याजवळ जुन्या लाकडाची एक वखार आहे. पाडलेल्या इमारतींचं लाकूड तिथं येतं. तिथं ही तुळई पडलेली. एकवीस फूट सरळ, पाच इंच रुंद, दहा इंच खोल, जुना सागवान. एक गाठ नाही. मी तिच्यावर हात फिरवला आणि ड्रॉइंग विसरलो. मॅडमना विचारलंसुद्धा नाही. वाटलं, वर चढवून दाखवू, खूश होतील.

माथेरानला गाडी येत नाही. नेरळकडून घाट चढून टेंपो एका नाक्यापर्यंत येतो. पुढं सगळं घोड्यावर, हातगाडीवर नाही तर माणसाच्या खांद्यावर. तुळई मोठ्या रस्त्यानं हातगाडीवर सुखात आली. बंगल्याची वाट मात्र अरुंद, चढाची, आणि शेवटी एक वळण. एका अंगाला आवाराची जांभ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला जांभूळ, जांभळाच्या पलीकडं दरी. भिंत यादीत. झाडाला तर हात लावायचा प्रश्नच नाही.

माल चढवणाऱ्यांचा मुकादम बुधाजी. डोंगराच्या पोटातल्या वाडीवरचा, साठीला आलेला, काटक. त्यानं आदल्या दिवशीच तुळईकडं बघून विचारलं होतं, “मिस्त्री, ही वळनात कशी फिरायची?” मी म्हटलं, “फिरल, बाबा.”  चार वर्षं साहेब लोकांत राहून माझ्यातही थोडा साहेब शिरला होता.

आता त्यानं आधी तुळई खाली ठेवून घेतली. मग उभी करून फिरवायची म्हणून बघितली. सहा माणसांनी एक टोक छातीपर्यंत उचललं, तेवढ्यात खालचं टोक धरलेल्या दोघांचे पाय मुरमावरून घसरले. बुधाजी ओरडला, “सोडा रं! सोडा!” तुळई धप्पकन आडवी झाली. कुणाला लागलं नाही. 

“लाकडापायी मानूस नाय घालवायचा,” बुधाजी म्हणाला आणि तंबाखू मळायला बसला. “कापा आता.”

“कापून कसं चालेल?”

“मंग इथंच घर बांदा. आमी बसाया येऊ.”

सगळे हसले. मी मॅडमना फोन लावला. त्या कर्जतला दुसऱ्या साइटवर होत्या. मी सगळं सांगितलं. 

“ड्रॉइंगवर जोड दाखवला होता, मारोती.”

“हो, मॅडम.”

“मग?”

“आमच्याकडं आढ्याला जोड नसतो.”

“आपण तुमच्याकडचं घर बांधत नाही आहोत.” मग म्हणाल्या, “दुपारपर्यंत पोचते. तोवर काही कापू नका.”

मी तसाच बंगल्यावर गेलो. कशासाठी ते माहीत नव्हतं. लोकांच्या समोरून हलायचं होतं, एवढंच. मागच्या पडवीचं कुजलेलं आढं आम्ही आधीच उतरवून ठेवलं होतं, ते अंगणात पडलं होतं. एक टोक कुजून भुसा झालेलं, पण मधला जोड शाबूत. मी त्याच्यापाशी बसलो. जोडाच्या मधोमध एक चौकोनी भोक होतं. त्यात दोन बाजूंनी दोन पाचरी ठोकलेल्या. पाचर म्हणजे एका टोकाला निमुळता लाकडी तुकडा. मी मोगरी घेतली, म्हणजे लाकडी हातोडा, आणि एक पाचर हळूच मागून ठोकली. दोन ठोक्यांत ती निघाली. दुसरी हातानंच आली.

आणि जोड उघडला. एवढी वर्षं छपराचं ओझं घेऊन बसलेला सांधा माझ्या हातात पुस्तकासारखा उघडला.

आत एक खिळा नव्हता. बाहेरून लाकूड काळं पडलेलं, आतून मधासारखं पिवळं. सागवानाचा वास आला, ताजा. दोन्ही तुकडे एकमेकांवर तिरके कापलेले, वीस इंच लांबीत. दोन्ही टोकांना छोटी पायरी, म्हणजे कुठलाच तुकडा घसरून निघू नये. पाचर ठोकली की दोन्ही तुकडे त्या पायऱ्यांवर आपोआप आवळले जात. एका तुकड्यावर पटाशीच्या, म्हणजे सुताराच्या छिन्नीच्या, तीन बारीक खुणा. दुसऱ्यावरही तीन. जोडीला जोडी कळावी म्हणून. म्हणजे हा सांधा वर बसून केलेला नव्हता. खाली कुठंतरी करून, खुणा घालून, सुटा करून वर आणलेला.

सुटा करून वर आणलेला. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

मी टेप घेतली आणि घर मोजत सुटलो. खांब, वासे, तुळया, दारांच्या चौकटी. शिडी लावून वर चढलो, मोठ्या छपराचं आढं मोजलं. जोडापासून जोडापर्यंत. वहीत लिहीत गेलो. साडेनऊ फूट. अकरा. दहा. अकरा फूट नऊ इंच. पुन्हा अकरा. त्या अख्ख्या घरात बारा फुटांचं एकही लाकूड नव्हतं.

मी धावतच वळणावर आलो. “बुधाजीबाबा, एखादा लांब बांबू हाय का?”

“काय करताव?”

“या वळणातून किती लांबीचं जातं ते बघायचंय.”

बुधाजीनं माझ्याकडं बघितलं. सकाळपासून पहिल्यांदा त्यानं चांगल्या नजरेनं बघितलं. पंधरा फुटांचा बांबू आणला, दोघांनी खांद्यावर घेतला आणि वळायला लागले. अडकला. कोयत्यानं फूटभर तोडला. अडकला. आणखी एक फूट, पुन्हा अडकला. बारा फुटांवर आणला तेव्हा बांबू भिंतीला घासत, झाडाला घासत, वळणातून फिरून पलीकडं गेला.

 ज्यानं कुणी ते घर बांधलं होतं, त्यानं आधी इथं उभं राहून हे वळण मोजलं होतं. मग घराचा प्रत्येक वासा, प्रत्येक तुळई या वळणाच्या मापात बसवली होती. झाड तेव्हा लहान असेल, पण त्यानं ते वाढणार हेही धरलं असावं. जोड गरिबीचा नव्हता. मी ज्याची रोज खालून कीव करत होतो तो माणूस माझ्यापेक्षा शंभर पटीनं हुशार होता. मला लाज वाटली, आणि खरं सांगतो, अंगावर काटाही आला.

मॅडम दोन वाजता आल्या, चालत, घामाघूम. मी ओरडा खायच्या तयारीनं उभा होतो. आधी वही दाखवली, मग बांबू फिरवून दाखवला. त्यांनी स्वतः बांबूचं एक टोक धरलं, दुसरं बुधाजीला दिलं आणि पुन्हा एकदा वळणातून फिरवलं.

“मी हा जोड तीन वेळा काढला,” शेवटी म्हणाल्या. “समितीसमोर समजावून सांगितला. जुन्यात आहे म्हणून नव्यात. का आहे, हे मी विचारलंच नाही.”

“मला वाटलं, लाकूड मिळालं नसंल,” मी म्हणालो.

“मलाही तेच वाटलं होतं.” आणि त्या हसल्या. माझ्या छातीवरचा अर्धा दगड उतरला.

अर्धाच, कारण खरी अडचण पुढं होती. नव्या खोलीला आढं साडेवीस फूट लागत होतं. माझी तुळई एकवीस फूट. मधोमध सरळ कापून वर नेली असती, तर सांधा करताना दोन तुकडे एकमेकांवर दोन फुटांच्या वर चढणार. तेवढी लांबी सांध्यात जाणार. उरलं असतं एकोणीस फुटांना इंचभर कमी. दीड फूट आखूड. दुसरं असं लाकूड वखारीत नव्हतं, आणि हातात दिवसही नव्हते.

मार्ग एकच. सांध्याची रेघ हीच कापायची रेघ. तिरकस कापायचं, अशा हिशेबानं की एका तुकड्यावरून निघेल तोच आकार दुसऱ्याला बसेल. मग लांबी जात नाही, करवतीच्या पात्याएवढीच जाते. पण ते वर, सुताराच्या लाकडी घोडीवर लाकूड ठेवून, सावकाश करता येणार नव्हतं. इथंच, वाटेवर, मुरमात करायचं. आणि एकदाच. करवत चुकली तर ते लाकूड सरपण.

“जमेल?” मॅडमनी विचारलं.

नाही म्हणायची माझी हिंमत नव्हती आणि हो म्हणायचीही. मी म्हणालो, “मॅडम, जुना सांधा आठ इंच खोल लाकडाचा आहे. आपलं दहा इंच. तसाच उतरवला तर चालंल का?”

“नाही. प्रमाणात वाढवायला हवा.” त्यांनी माझ्या वहीत लिहिलं. आठाचे दहा, म्हणजे एकाचा सव्वा. जुन्याचा प्रत्येक इंच आपल्याकडं सव्वा इंच. वीस इंचाचा सांधा पंचवीसचा होणार. दीड इंचाची पायरी दोन इंचाला जराशी कमी.

“एवढंच?” माझ्या तोंडून निघालं.

“एवढंच. शाळेत होतं की.”

“तो धडा यायच्या आधी मी शाळा सोडली.”

त्यांनी ड्रॉइंगच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पूर्ण मापाचा सांधा काढला, कात्रीनं कापला आणि माझ्या हातात दिला. मंजूर ड्रॉइंगची कॉपी होती ती. मी म्हणालो, “अहो, ड्रॉइंग!” तर म्हणाल्या, “आता ते खरं उपयोगाला आलं.”

तुळईखाली दगड आणि गोण्या लावून ती पक्की केली. कागद दोन्ही अंगांना धरून पटाशीच्या टोकानं रेघ ओढली. पेन्सिलीवर माझा विश्वास नव्हता. पायरीच्या आतल्या कोपऱ्यांत गिरमिटानं भोकं पाडली, म्हणजे करवतीला शिरायला जागा झाली. विजेची करवत दहा इंच खोल जात नाही. दोघांनी दोन बाजूंनी ओढायची मोठी करवत हवी. ती होती, पण दुसऱ्या टोकाला कोण? माझा जोडीदार सुतार तापानं कर्जतला पडून होता.

“सरा,” बुधाजी म्हणाला. “बापासंगं करवत वडलेली हाय मी. फकस्त तुमी मदी बोलू नका.”

आम्ही ओढायला लागलो. नुसती ओढायची, ढकलायची नाही. ढकललं की पातं वाकतं आणि रेघ सोडतं. बुधाजीला हे सांगावं लागलं नाही. मॅडम माझ्या बाजूची रेघ बघत होत्या, एक हमाल बुधाजीच्या बाजूची. बाकीचे भिंतीवर बसलेले.  वाटेनं घोडे घेऊन चाललेले दोघंजण थांबले ते थांबलेच. खरखर आवाज आणि पिवळा भुसा. मला आठवतंय, मी सारखं मनात म्हणत होतो, हे बिघडलं तर मॅडमना समितीला काय तोंड दाखवता येईल. माझं काय होईल ते त्याच्या खाली होतं, पण होतंच.

शेवटच्या दोन इंचांत माझा हात ओला होऊन मूठ सरकली. पातं रेघेच्या बाहेर गेलं, सुताएवढं. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मॅडम म्हणाल्या, “थांबा!” आम्ही थांबलो. मी बाहीनं डोळे पुसले.

बुधाजीनं करवत सोडली, वाकून बघितलं. “मिस्त्री, येवढ्याला काय रडताव? मापात घ्या परत. वडा.”

पातं रेघेवर आणलं, ओढलं, आणि तुळई दोन झाली.

त्यापुढं ते वळण काहीच वाटलं नाही. साडेअकरा फुटांचे दोन तुकडे चार-चार जणांनी उचलले आणि बोलत बोलत फिरवून नेले. मला वाटलं होतं कुणीतरी टाळ्या वाजवेल. कुणी वाजवल्या नाहीत. त्यांच्यासाठी ते रोजचं होतं.

वर अंगणात दोन दिवस सांधा घासला. पटाशी, पुन्हा लावून बघ, पुन्हा पटाशी. सुताएवढी चूक झाली होती तिथं सागवानाचीच पातळ पट्टी घातली. मधलं चौकोनी भोक मारलं, पाचरी केल्या. तिसऱ्या दिवशी बुधाजीच्या माणसांनी दोन्ही तुकडे वर चढवले. सांधा बरोबर कैचीवर आला. कैची म्हणजे छपराचा तिकोनी सांगाडा, त्यानं खालून आधार द्यायचा. मी वर बसून दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकल्या. शेवटच्या ठोक्याला आवाज बदलला. भद्द होता तो टणक झाला. दोन तुकड्यांचं एक लाकूड झालं, ते मला आधी कानानं कळलं. मी पाच मिनिटं खाली उतरलोच नाही.

कौलं चढायच्या आधी समितीतर्फे एक वयस्कर इंजिनिअर साहेब पाहणीला आले. मॅडमनी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. एकसंध तुळई आणली, ती अडकली, वाटेवर कापली, सगळं सांगितलं. मी मागं उभा राहून घाम पुसत होतो. साहेब शिडीवर चढले, टॉर्च मारला, सांध्यावरून नख फिरवलं. पट्टीपाशी नख थांबलं.

“ही पट्टी?”

“माझी चूक आहे, साहेब,” मी म्हणालो. “करवत सरकली.”

“बरं.” खाली उतरले. “हा सांधा शिकलात कुठं?”

“त्या पडवीच्या आढ्यात.”

त्यांनी अंगणातला जुना तुकडा बघायला मागितला. मी पाचर काढून, उघडून दाखवला. ते तिथंच उकिडवे बसले आणि आतल्या तीन-तीन खुणांवरून बोट फिरवू लागले. मग मॅडमना म्हणाले, “हा तुकडा टाकू नका. आणि ते वळणाचं माप रिपोर्टमध्ये लिहा. आमच्याकडच्या फायलीत ते नाही.”

काम पास झालं. मेच्या शेवटच्या आठवड्यात कौलं चढली. मालकांच्या आई आता नव्या खोलीत राहतात. त्यांना आढ्याचं काही माहीत नाही, बाथरूम जवळ आली याचाच आनंद आहे. तेच बरोबर आहे.

मला मॅडमनी काढलं नाही. एवढंच म्हणाल्या, “यापुढं ड्रॉइंग बदलावंसं वाटलं तर बदला, पण आधी फोन करा.” मी त्यांचे उपकार मानतो. दुसऱ्या कुणी ‘बदला’ हा शब्दच तोंडातून काढला नसता.

सध्या खालापूर तालुक्यात एका जुन्या घराचं काम आहे, तेही यादीतलं. पहिल्या दिवशी मालक मोठ्या हौसेनं कोरीव खांब दाखवायला निघाले. मी म्हटलं, आधी लाकूड कुठून आत येणार ते दाखवा. ते म्हणाले, “तुम्ही सुतार ना?” मी म्हटलं, हो. आणि गेटपासून टेप लावायला सुरुवात केली. त्यांना मी जरा कमी डोक्याचा वाटलो असेन. वाटू दे. एकदा जास्त डोकं चालवून बघितलं होतं, आठ माणसांच्या खांद्यावर.